चादरीखालचा हात

टाइप केलेलं पत्र! स्वतःच्या आजीला! वर खात्याचं चिन्ह, खाली सहीचा रबरी शिक्का, आणि मधे ‘आदरणीय आजी’. आदरणीय तुझ्या ऑफिसात असतील, भिंतीवर टांगलेले. मी तुझं शी-शू काढलंय, मला कसला आदर दाखवतेस? वर तो तुझा शिपाई दारातच हटून उभा, म्हणे पोच द्या. मी म्हटलं, पोच हवी तर अंगठा घे, सही मी माणसांच्या पत्राला करते. त्या बावळटाने खरंच खिशातून शाईची डबी काढली.

प्रिय गाठोडं,

या नावाने आता तुला कुणी हाक मारत नसेल. तुझ्या त्या मऊ बोलणाऱ्या नवऱ्याला तर हे नाव माहीतही नसेल, तेव्हा सांगून टाक. तू झालीस तेव्हा तुझ्या आईला ताप धरला आणि ती अंथरुणातून उठेना, म्हणून तुझी आत्या तुला रोज आमच्या इस्पितळाच्या धुलाईघरात घेऊन यायची. इस्त्री झालेल्या चादरींच्या ढकलगाडीत तुला ठेवायची. तिथे ऊब असायची, तू मुकाट झोपायचीस. एक दिवस वॉर्डबॉयने न बघता ती गाडी ढकलत थेट ऑपरेशनच्या खोलीत नेली. डॉक्टरांनी चादर उचलली तर खाली तू. हे गाठोडं कुणाचं, म्हणून ते ओरडले, आणि तुझी आत्या कोपरापर्यंत साबणाचा फेस घेऊन साऱ्या इस्पितळातून धावत आली. ‘माझं! माझं!’ करत. लग्न न झालेली पोरगी, सगळ्यांसमोर ‘माझं’ म्हणत होती. लोकांनी काय काय अर्थ काढले. तिला त्याचं काही नव्हतं. तेव्हापासून तू गाठोडं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. माझी शाळा दुसरीत सुटली पण अक्षर लागतं मला. एक शब्द अडला तो तुझ्या बापाकडून वाचून घेतला, ‘औपचारिकता’. तू लिहितेस की आत्या ठीक आहे, तू स्वतः तुरुंगात जाऊन तिला भेटलीस, तिचं वजन वाढलंय, तिने मला काळजी करू नको म्हणून सांगितलंय. आणि धुलाईघराची नवी मुकादमीण निवडायची सभा होईल तेव्हा फोटोवाल्यासमोर मी पहिला हात वर केला, की महिनाअखेर तिला घरी सोडतील. बाकी सगळी औपचारिकता आहे. छान लिहिलंस. कुठे खाडाखोड नाही. लहानपणी तुझ्या वहीवर शाईचे डाग पडायचे, ते घासून घासून माझी नखं निळी व्हायची. आता डाग पडत नाहीत तुझे.

आधी इकडची हकीकत सांगते. तुमच्या मार्गदर्शकांचा फोटो वाफेच्या खोलीतही लावावा असा हुकूम आला. आम्ही लावला. आठवड्यात त्यांचा चेहरा फुगला, गाल सुटले, एक डोळा खाली सरकला. अधीक्षक आले, बघितलं, आमच्यावर अपमानाचा ठपका ठेवला. मग काचेत घालून आणला. काचेच्या आत वाफ शिरली आणि ते दिवसभर घाम गाळत बसायला लागले. आमच्यातली एक म्हणाली, चला, कुणीतरी घाम गाळतंय. तिचा एक दिवसाचा पगार गेला. कुणी सांगितलं ते आम्हांला कळलं नाही, आणि खरी गंमत तिथेच सुरू झाली. आधी जेवणाच्या सुट्टीत नवऱ्यांची निंदा चालायची, पोट धरून हसायचो. मग नुसत्या हवापाण्याच्या गोष्टी. मग त्याही बंद, कारण यंदा हवा वाईट आहे म्हटलं तर कुणाकडे बोट जातंय कोण जाणे. आता जी ती आपल्या डब्यात तोंड घालून जेवते. कुणी मारलं नाही, कुणी धमकावलं नाही, फक्त एका बाईचा एक दिवसाचा पगार. एवढ्यात काम झालं तुमचं. स्वस्तात मिळालो आम्ही.

कामही वाढलंय. तुरुंगाने आपलं धुणं बंद केलं, त्यांचे कपडे आता आमच्याकडे येतात. माझे गुडघे गेले, मी हौदावर उभी राहत नाही. मला बसल्या जागचं काम दिलंय, बटणांचं. तुटकी लावायची, आणि बाद कपड्यांची काढून घ्यायची. तुला आठवत असेल, बाद कपडा म्हणजे कापलेला कपडा. जिवंत माणसाची बटणं सोडून कपडा काढतात. मेलेलं माणूस आखडतं, हात वळत नाहीत, म्हणून त्याचा कपडा कात्रीने कापतात आणि बटणं लागलेलीच राहतात. असा कपडा धुवायचा नाही. बटणं काढायची आणि चिंध्या फरशी पुसायला द्यायच्या. लहान असताना तू त्या बटणांचे ढीग करायचीस, रंगाप्रमाणे. घाण नाही वाटायची तुला. आम्हांलाही नाही. आमची मतं त्याच बटणांवर चालायची.

हे मीच तुला सांगितलं होतं, मोठ्या तोऱ्यात. म्हणून पुन्हा सांगते, म्हणजे तुला कळेल मला काय काय आठवतं. मी नवी लागले तेव्हा मुकादमीण अधीक्षक ठरवायचे. त्यांच्या घरचे पडदे जी फुकट धुवायची ती. आम्ही बसलो संपाला. वॉर्डात चादरी संपल्या, रोगी उघड्या गादीवर झोपले, लोकांनी आम्हांला शिव्या घातल्या, तरी बसलो. शेवटी ते म्हणाले, बरं, तुमची तुम्ही निवडा. मग निवडायची कशी? पहिल्या वेळी हात वर केले. त्यात एक दांडगी बाई होती, ती नुसती वळून बघायची आणि जिच्याकडे बघेल तिचा हात वर जायचा. माझाही गेला. तेव्हा जुन्या बायकांनी डोकं चालवलं. मडकं ठेवायचं, त्यावर ओली चादर ताणायची. उभी राहील तिच्यासाठी प्रत्येकीने मुठीत एक पांढरं आणि एक काळं बटण घ्यायचं. मूठ चादरीखाली न्यायची, एक बटण मडक्यात, दुसरं शेजारच्या चिंध्यांच्या पिशवीत. पांढरं म्हणजे ही चालेल, काळं म्हणजे ही नको. मूठ जाताना बंद, येताना बंद. ओली चादर अशासाठी, की ती जिथल्या तिथे चिकटून बसते, कुणी उचलून बघायला गेलं की सगळ्यांना दिसतं. तू सगळं ऐकलंस आणि विचारलंस, पण आजी, लपवायचं कशाला? चांगलंच करायचं असेल तर उघड करावं. मी हसले. म्हटलं, पोर हुशार आहे.

हुशारच निघालीस. ‘लपवतो तोच चोर’ असे फलक चौकाचौकात लागले तेव्हा मी म्हटलं, हे वाक्य कुठेतरी ऐकलंय. मग तो खुल्या मतदानाचा नियम आला, कारखान्यांना, शाळांना, आमच्यासारख्या धुलाईघरांनाही. अधीक्षकांनी वाचून दाखवला. कोणत्याही पेटीच्या, पडद्याच्या किंवा ओल्या-सुक्या वस्त्राच्या आडून मत देणं गुन्हा. ओल्या वस्त्राच्या! सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. राजधानीत बसलेल्या कोणत्या साहेबाला ओल्या चादरीची अक्कल असणार गं? मला तिथल्या तिथे कळलं, हे कुणी लिहिलं. तुझ्या आत्यालाही कळलं. ती काय म्हणाली सांगू? म्हणाली, बघ आई, आपलं गाठोडं काही विसरत नाही. आणि हसली. मी तिला तोंड बंद कर म्हटलं.

त्यानंतरही तिने चादर ताणली. बायकांनी तिलाच मुकादमीण केली, आणि मडक्यातली बटणं तिने अंगणात सगळ्यांसमोर ओतली, पांढरी किती काळी किती, मोठ्याने मोजून. न्यायला आले तेव्हा ती हौदावर होती. हात पुसते एवढं, म्हणाली. पुसू दिले नाहीत. तशीच ओल्या हातांनी नेली, बाह्या वर केलेल्या. तुझ्या बापाने तुला फोन केला, तुला मीटिंग होती. ठीक आहे. मीटिंगा असतात.

तर तुझं पत्र आलं आणि घराचा बाजार झाला. तुझा बाप, माझा मुलगा, पन्नाशी पार केलेला बसड्रायव्हर, माझ्या पायाशी बसून म्हणतो, आई, एक हात वर कर गं, एकच. नुसता वर करायचाय, काही पेलायचं नाही. मी म्हटलं, नाही. म्हणाला, तुझी मुलगी आहे ती. म्हटलं, मला माहितीये, मीच तिथे होते ती जन्मली तेव्हा. मग त्याने तोंड फिरवलं. अजून माझ्याशी बोलत नाही. चहा करतो, कप आपटून ठेवतो.

त्याने धुलाईघरातही सांगितलं. बायका एकत्र आल्या, मोठी इस्त्रीवाली पुढे. तिच्या मनगटावर जुनी भाजल्याची खूण आहे, तीच. म्हणाली, आजी, आमचं ठरलंय, सगळ्या हात वर करतो. त्यांची बाई बसू दे खुर्चीत, आपली पोरगी घरी येऊ दे, पुढचं पुढे. बघ, तुझ्या आत्यासाठी त्या आपला मान खाली घालायला तयार झाल्या होत्या. मी त्यांनाही नाही म्हटलं. मग झाली माझी आरती सुरू. दगड आहे. सासू असती तर समजलो असतो, ही सख्खी आई. म्हातारीला पोरीपेक्षा मडकं प्यारं. एकीने तर सरळ विचारलं, तुमच्या छातीत आहे काय? म्हटलं, कफ. ऐकून घेतलं सगळं. उलट बोलायला माझ्याकडे होतं, पण बोलले नाही.

एवढंच म्हटलं, की तुम्हांला नाही म्हणायची भीती वाटते ना, मग नाही म्हणू नका. हो म्हणायची लाज वाटते ना, तर होही म्हणू नका. ती सुटून आली आणि तिने विचारलं, माझ्यासाठी तुम्ही हात वर केलात का, तर काय सांगाल तेवढं बघा. आणि उद्या अंगणात रिकाम्या हातांनी जाऊ नका, कामात असा. मग इस्त्रीवालीला आधी कळलं. ती म्हणाली, म्हातारी मेली की हिचं डोकं तेवढं काढून ठेवू. ते तिने कौतुकानेच म्हटलं असं मी धरून चालले.

सभेचा थाट तुला कळवलाच असेल तुझ्या लोकांनी, पण त्यांनी लाजेखातर काही गाळलं असेल. अंगणात ओटा, त्यावर टेबल, टेबलाला कापड. ते कापडसुद्धा आमच्याकडूनच धुऊन नेलेलं. तुमचा निरीक्षक, नाकात बोलणारा. शेजारी त्यांची उमेदवार, अधीक्षकांची चुलतबहीण, गळ्यात शिट्टी. तिने आयुष्यात रुमाल धुतला नसेल. फोटोवाला तयार. आणि आम्ही बाहेर आलो त्या दोघी दोघी, प्रत्येक जोडीच्या हातात पिळलेली ओली चादर, एक टोक हिच्याकडे एक तिच्याकडे. ऑपरेशनच्या चादरी, उकळून काढलेल्या. सगळं अंगण पांढरं झालं. निरीक्षक म्हणाला, ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करा. कुणी हललं नाही. नुसतं पाणी ठिबकत होतं. त्याने पुन्हा म्हटलं, हात वर! इस्त्रीवाली म्हणाली, साहेब, चादर पडेल. तो म्हणाला, पडू दे. ती म्हणाली, पाडते, पण आत टेबलावर माणूस झोपवलंय, डॉक्टर चादरीची वाट बघतायत, तेव्हा तुमच्या हुकमाने पाडली एवढं लिहून द्या. लिहून द्या म्हटल्यावर त्याचा आवाज नाकातून घशात गेला. तुमच्याकडचा कुठलाही माणूस लिहून द्या म्हटलं की तसाच होतो.

मग तो माझ्याकडे वळला. आजीबाई, तुम्ही पहिला हात वर करणार होतात. असं कागदावर होतं म्हणे त्याच्या. माझ्या चादरीचं दुसरं टोक आमच्यातल्या सगळ्यांत नव्या पोरीकडे होतं. ती एवढी थरथरत होती की अख्खी चादर थरथरत होती, माझे दात वाजत आहेत की चादर हलतेय मला कळेना. मी म्हटलं, साहेब, जोडीदारणीला विचारा, ती सोडते का. त्याने तिला विचारलं. दोनदा विचारलं. तिने सोडलं नाही. गाठोडं, तू सगळे आडोसे बंद केलेस, एक विसरलीस. आमचे हात कधी रिकामे नसतात. तू चादरींत झोपलीस, धुतली एकही नाहीस, त्यात तुझी चूक नाही, तुझ्या आत्याने तुला पाण्यात हात घालूच दिला नाही. हात मऊ राहू देत म्हणायची. राहिले.

निरीक्षकाने शेवटी जाहीर केलं, एकमताने निवड. शिट्टीबाईने शिट्टी वाजवली. आम्ही चादरी वाळत घातल्या. तिला कॅबिन मिळाली, पंखा मिळाला, ती दिवसभर शिट्टी वाजवते आणि आम्ही ऐकू येत नाही असं दाखवतो, यंत्रांचा आवाजच तेवढा असतो. त्याच दुपारी मागच्या खोलीत मडकं ठेवलं, चादर ताणली, आणि इस्त्रीवालीला निवडली. काम ती सांगते ते होतं. मडक्यात एक काळं बटण निघालं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या, कोण ती? मी बटणं गोळा केली आणि पिशवीत टाकली. म्हटलं, जिने टाकलं तिचा तो हक्क होता, आणि यापुढे जी शोधायला जाईल तिच्या कानफटात मी देईन. ती एक बाई उद्या निर्धास्त राहिली तर बाकीच्याही राहतील. हे मी तुझ्यासाठी लिहितेय, त्यांना ते सांगावं लागलं नाही.

फुकट नाही पडलं काही. त्या थरथरणाऱ्या पोरीला कामावरून काढलं, तिच्या घरी ती एकटी कमावती. इस्त्रीवालीला चौकशीला नेलं, परत आली तेव्हा उजव्या हाताची बोटं वांग्यासारखी झाली होती. डाव्या हाताने इस्त्री करते आता, सुरकुत्या राहतात. कुणी तिला टोचून बोलत नाही, मी सोडून. मी बोलते, म्हणजे तिला वाटू नये की काही मोठं घडलंय.

आता हे पत्र का लिहायला घेतलं ते. तुझा शिपाई आला त्याच्या आधीच्या आठवड्यात तुरुंगाच्या कपड्यांचं गाठोडं माझ्यासमोर सोडलं होतं. बाद कपड्यांत एक करडा झगा होता, खालपासून गळ्यापर्यंत कापलेला, बटणं लागलेली. वरून तिसरं बटण मूळच्या दोऱ्याचं नव्हतं, घोंगडीचा दोरा उसवून लावलेलं होतं, आणि बटणाखाली दोऱ्याचा वेढा उलटा. तुझी आत्या डावखुरी. उलटा वेढा घालते म्हणून मी लहानपणी तिच्या हातावर पट्टी मारायचे, तिने तो कधी सुलटा केला नाही. तसा वेढा घालणारं दुसरं कुणी मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. मी बटण काढलं. मग उरलेल्या कपड्यांची काढली, सुट्टीला वेळ होता. कुणाला सांगितलं नाही. बायकांना सांगितलं असतं तर त्यांनी रडत रडत काहीतरी केलं असतं, आणि रडून दिलेलं मत मला नको होतं. त्यांना दगड वाटले, वाटू दे. मग तुझं पत्र आलं. भेटलीस. वजन वाढलंय. महिनाअखेर सोडतील. म्हणजे एकतर तुला माहीत होतं आणि तू मला माझी मेलेली पोरगी विकत होतीस, नाहीतर तुला माहीत नव्हतं, तू कुणाला भेटली नाहीस, आणि दुसऱ्याने सांगितलं त्यावर शिक्का उठवलास. यातलं कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही, आणि ठरवायचंही नाही. पाकिटात दोन बटणं आहेत. काळं त्या झग्याचं. पांढरं तुझ्या झबल्याचं, ते तिनेच लावलेलं, वेढा बघ. माहीत होतं तर काळं परत पाठव, नव्हतं तर पांढरं. घरी नको, धुलाईघराच्या पत्त्यावर पाठव. मी ते अंगणात सगळ्या बायकांसमोर उघडीन. तुझाच नियम आहे, चादर ताणणार नाही. हे पत्र तुझ्या त्याच शिपायाला बोलावून त्याच्या हाती देतेय आणि पोच घेतेय. तुझ्या बापाला यातलं काही ठाऊक नाही, तो अजून तिची खोली झाडतो, त्याला सांगायला तू स्वतः यायचंस. पण आधी उत्तर. टायपिस्टने नाही, नवऱ्याने नाही, खात्याने नाही. तूच द्यायचं, तुझ्या त्या मऊ हाताने पाकिटात बटण घालून.

तुझीच, ते आता बदलता येत नाही,
आजी